वरचं सेटिंग, खालचं सेटिंग

काटासाहेबांच्या वरच्या जबड्यातला शेवटचा दात ज्या दिवशी निघाला, त्याच दिवशी मुख्यालयाचं पत्र आलं. यंदाच्या सचोटी पुरस्कारासाठी आपल्या नावाची शिफारस झालेली आहे, समारंभ पाच आठवड्यांनी आहे, आणि आपण त्या वेळी 'दोन शब्द' बोलायचे आहेत. दोन शब्द बोलायला किती दात लागतात, याचा पत्रात कुठेही उल्लेख नव्हता.

वजनमापं तपासणाऱ्या खात्यात ते एकतीस वर्षं तपासनीस होते. दुकानात शिरायचं, पिशवीतून आपली खात्रीची वजनं काढायची, दुकानदाराच्या काट्यावर एकेक ठेवायची आणि काटा खोटा निघाला की दुकानदाराचा चहा न पिता तो जप्त करायचा, असा त्यांचा एकतीस वर्षांचा शिरस्ता. म्हणून बाजारात त्यांना काटासाहेब म्हणत. हळूहळू ते नाव ऑफिसात आलं, तिथून घरात आलं, आणि आता बायकोसुद्धा भांडणाच्या वेळी "बरं, काटासाहेब!" म्हणायची. एकतीस वर्षांत त्यांना एकही पुरस्कार मिळाला नव्हता, कारण सचोटीने वागणाऱ्या माणसाची शिफारस करायला कुणाला तरी त्याचा उपयोग व्हावा लागतो. यंदा शिफारस झाली ती मोठे साहेब रजेवर असताना, चुकून.

त्यामुळे काटासाहेबांनी मनाशी ठरवलं, की व्यासपीठावर जायचं ते दातांसकट.

दातांची डॉक्टरीण चटपटीत बाई होती. बोलायची भरभर आणि मोठ्याने, कारण तिच्याकडे येणारे निम्मे पेशंट कानानेही अधू असत. तिने काटासाहेबांचा जबडा सगळ्या बाजूंनी पाहिला आणि कार्यक्रम सांगितला. "वरचं आधी करू. खालचे उरलेले पाच काढून टाकले आहेत, पण ती हिरडी भरायला वेळ लागेल. आधी माप, मग मेणात दातांचं सेटिंग, ते तुमच्या तोंडात बसवून बघायचं, आणि पसंत पडलं की पक्की कवळी. पाच आठवड्यांत होईल. तोवर बोलणं कमी करा, गरम काही खाऊ-पिऊ नका."

"फेफिंग?" काटासाहेबांनी विचारलं.

"सेटिंग," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आता हा शब्द काटासाहेबांना जन्मात आवडला नव्हता. त्यांच्या बाजारात सेटिंग म्हणजे काट्याच्या आतली ती हातचलाखी, जिच्यामुळे किलोच्या काट्यावर साडेनऊशे ग्रॅमचा किलो होतो. ऑफिसात सेटिंग म्हणजे टेबलाखालचं. घरात मुलगी शाळेत शिकवायची, ती दर सहामाहीला "पेपर सेटिंगला जाते" म्हणून निघाली, की त्यांच्या छातीत धस्स व्हायचं. शेजारी गिलावा चालू होता, तिथला गवंडी भिंतीला हात लावू देत नव्हता, "सेटिंग व्हायचंय" म्हणून. आणि परवा बायकोने फोन त्यांच्या हातात देताना सांगितलं होतं, "याचं सेटिंग बिघडलंय, आवाज बाहेरच येतो." हे शेवटचं त्यांनी गांभीर्याने घेतलं नाही. ते घ्यायला हवं होतं.

ऑफिसात दात नसल्याचं कुणाला कळू द्यायचं नाही, हा त्यांचा निश्चय. त्यांनी तोंडाला मास्क लावला, शिपायाला कागदावर 'सर्दी' असं लिहून दाखवलं, आणि मानेने हो-नाही करत काम सुरू केलं. अर्ध्याअधिक ऑफिसला फरकच कळला नाही. शेजारच्या टेबलावर आवक-जावक सांभाळणारा कारकून तेवढा म्हणाला, "साहेब, आजकाल फारच कमी बोलता. छान वाटतं."

बाराव्या दिवशी, दुपारच्या चहाच्या वेळी, फोन वाजला. काटासाहेबांनी तो कानाला लावला. आवाज कानात न जाता सगळ्या खोलीत गेला.

"वरचं सेटिंग झालं हो!" डॉक्टरीणबाई आनंदाने ओरडल्या.

खोलीतले सात कप सात तोंडांपाशी थांबले.

"हं," काटासाहेब म्हणाले.

"खालचं जरा जड जाणारे. पण वरचं एकदा नीट बसलं ना, की खालचं आपोआप बसतं. मला अनुभव आहे. आणि हे पाहा, सवय होईपर्यंत कुणापाशी फार बोलू नका. तोंड मिटून ठेवायचं. कळलं?"

"हं."

"मग या गुपचूप संध्याकाळी, मागच्या दाराने. पुढे रंगकाम चालू आहे."

काटासाहेबांनी फोन फिरवला, दाबला, खिशात घातला, परत काढून बंद केला. कारकुनाने आपल्यासमोरची बिस्किटांची बशी उचलली आणि अदबीने त्यांच्या टेबलावर आणून ठेवली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसचा रागरंग बदलला. शिपाई, जो एरवी घंटा वाजवल्यावर दहा मिनिटांनी "कोण वाजवतंय?" असं विचारत यायचा, तो काटासाहेब दारात दिसताच उठून उभा राहिला. खिडकीजवळची खुर्ची, जिच्यासाठी त्यांनी नऊ वर्षांत चार अर्ज केले होते, आपसूक त्यांच्या टेबलामागे आली. मोठे साहेब रजेवरून परतल्याबरोबर त्यांनी काटासाहेबांना केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं, दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, "वर म्हणजे किती वर?"

काटासाहेबांना वाटलं, साहेबांनी मास्कमधून ओळखलं. त्यांनी शरमून बोट वर केलं आणि टाळूच्या दिशेने दाखवलं. साहेबांनी त्या बोटाच्या रेषेत छताकडे पाहिलं. छताच्या वर दुसरा मजला होता, दुसऱ्या मजल्यावर आयुक्त बसत.

"बाप रे," साहेब म्हणाले. "आणि खाली म्हणजे आम्हीच ना? आमचं जड वगैरे काही नाही हं. उगीच गैरसमज नको."

काटासाहेब केबिनबाहेर आले ते विचारात पडूनच. कारकुनाने त्यांना जिन्यात गाठलं आणि डोळे मिचकावले. "साहेब, एकतीस वर्षं आम्हाला फसवलंत. आम्ही समजत होतो, तुम्ही खरंच तसले. मानलं!"

तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी तिथल्या तिथे कडक शब्दांत इन्कार केला. पण कडक शब्दांना दात लागतात. मास्कआडून जे काही फफफ बाहेर आलं, ते ऐकून कारकून म्हणाला, "बरोबर आहे. जिन्यात नको बोलायला."

मास्क खाली करून तोंड दाखवलं असतं, तर सगळं मिटलं असतं. काटासाहेब नंतर स्वतःशी हे बऱ्याचदा कबूल करत. पण एक तर लाज. आणि दुसरी गोष्ट ते फक्त स्वतःशीच, तीही दिवा मालवल्यावर कबूल करत : खिडकीजवळच्या खुर्चीत वारा छान येत होता.

घरी त्यांनी बायकोला सगळा प्रकार पाटीवर लिहून दाखवला. पाटी मुलीच्या लहानपणची होती आणि बोलणं बंद असल्यापासून घरात पुन्हा वापरात आली होती. बायकोने वाचून पाटी ठेवली.

"हे काहीच नाही," ती म्हणाली. "शेजारच्या काकू मला सकाळी बाजूला घेऊन काय म्हणाल्या माहितीये? म्हणे, मन घट्ट करा. तुमच्या ह्यांचं एका डॉक्टरणीशी सेटिंग आहे. रोज संध्याकाळी मागच्या दाराने जातात म्हणे."

काटासाहेबांच्या हातातली खडूची कांडी मोडली. त्यांनी घाईने लिहिलं, 'मग तू काय म्हणालीस?'

"काय म्हणणार? इतकी हसले, इतकी हसले, की काकूंनी पाणी आणून दिलं. तुमचं! सेटिंग!" आणि बायको पुन्हा खुर्चीत बसून हसायला लागली. मुलगी आतून वह्या तपासायच्या सोडून आली, तिला कळलं, तीही भिंतीला टेकून हसली.

काटासाहेब पाटीकडे बघत बसले. ऑफिसात लोकांनी एका फोनवर त्यांना लाचखाऊ मानलं, एकतीस वर्षं कुणाच्या कामी आली नाहीत. आणि घरात त्यांच्याबद्दल निदान क्षणभर संशय यावा, एवढीसुद्धा त्यांची किंमत नव्हती. यातला कुठला अपमान मोठा, हे त्यांच्याकडच्या कुठल्याही वजनाने मापण्यासारखं नव्हतं.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त नकाशाकार सल्ला द्यायला आले. ते सल्ला द्यायला नेहमीच येत, या वेळी निमित्त होतं इतकंच. "सेटिंग या शब्दात मुळात वाईट काही नाही," ते म्हणाले. "आम्ही हौशी नाटकं करायचो, तेव्हा सेटिंग म्हणजे मागचा देखावा. एकदा माझं सेटिंग दुसऱ्या अंकात नायिकेच्या अंगावर पडलं होतं. तुम्ही असं करा, एक लेखी खुलासा द्या. 'माझ्या सेटिंगशी कुणाही वरिष्ठाचा संबंध नाही.'"

बायको म्हणाली, "म्हणजे उरलीसुरली शंका फिटेल."

आठवडाभर हे असं चाललं. मग एका सकाळी सुकामेव्याचा घाऊक व्यापारी ऑफिसात आला. गोरापान, गुबगुबीत, बोलणं अगदी तुपात घोळलेलं. त्याच्या दुकानातला काटा तपासायला काटासाहेब पूर्वी तीनदा गेले होते आणि तिन्ही वेळा तो नेमका 'दुरुस्तीला गेलेला' होता. आज त्याने तोच काटा पिशवीत घालून आणला होता. काटा टेबलावर ठेवून तो पुढे झुकला.

"साहेब, आता आपल्यात पडदा कशाला? याच्यात थोडंसं सेटिंग आहे. तुमचंही सेटिंग आहे, असं बाजारात कळलं. तर सेटिंगचं सेटिंग करून टाकू. शिक्का तेवढा मारा."

काटासाहेबांच्या डोळ्यांपुढे एकतीस वर्षं उभी राहिली. ते ताडकन उठले, खुर्ची खिडकीवर आपटली, आणि सगळा जीव गोळा करून ते गरजले, "जप्त करतो!"

पण 'जप्त'मधला 'ज' मास्कमध्ये अडकला आणि 'त' तर हिरड्यांत उमटलाच नाही. व्यापाऱ्याच्या कानावर पडलं ते "गप! करतो."

व्यापारी हरखला. "गपच आहे, साहेब," तो कुजबुजला. "एक अक्षर कुणापाशी बोलणार नाही. करा तुम्ही सावकाश." आणि काटा तिथेच ठेवून, दोन्ही हात जोडून, तो चवड्यांवर चालत निघून गेला.

काटासाहेबांनी आपली वजनं काढली. एकेक ठेवलं, आकडे लिहिले, रीतसर पंचनामा केला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, काट्याला दोरी बांधून लाखेची मोहर केली आणि जप्तीची नोटीस टपालाने व्यापाऱ्याकडे पाठवून दिली. बोलता येत नव्हतं, तरी लिहिता येत होतं.

तिसऱ्या दिवशी बाजारात हाहाकार उडाला. व्यापारी मंडळाची तातडीची सभा भरली आणि मुख्यालयाकडे तक्रार गेली. ती तक्रार काटासाहेबांनी पुढे पाठ म्हणण्याइतक्या वेळा वाचली. त्यांनी लाच घेतली, असं तिच्यात म्हटलेलंच नव्हतं. तक्रार होती ती अशी, की 'सदर अधिकाऱ्यांचे वरपर्यंत सेटिंग असून, त्यांनी सभासदास तोंडी शब्द दिलेला असतानाही शब्द फिरवला व काटा जप्त केला. अशाने व्यवहारातील विश्वास राहणार नाही. तरी त्यांच्या सचोटीची चौकशी व्हावी.'

सचोटीची चौकशी लागल्यामुळे सचोटी पुरस्कार स्थगित झाला. मोठ्या साहेबांनी खिडकीजवळची खुर्ची परत नेली, पण शिपाई मात्र अजून उभा राहत होता. कारकून खरोखरच दुखावला होता. "शब्द फिरवायला नको होता साहेब," तो म्हणाला. "या धंद्यात शब्दच तर असतो."

चौकशी अधिकारी मुख्यालयातून आले. हडकुळे, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि हातात पिवळी फाइल. ऑफिसच्या मागच्या खोलीत टेबल मांडलं. एका बाजूला सुकामेव्याचा व्यापारी, मध्ये पुरावा म्हणून तो मोहरबंद काटा, आणि समोर काटासाहेब. बाकीचं ऑफिस दारापाशी काही ना काही कागद शोधत होतं.

"तुमचं वर सेटिंग आहे, हे खरं का?"

काटासाहेबांनी पाटी काढली. अधिकाऱ्यांनी हात वर केला. "नियमाप्रमाणे जबाब तोंडी हवा. मास्क काढा."

काटासाहेबांनी डोळे मिटले आणि मास्क काढला. दारापाशी कागद शोधणं थांबलं. कुणीतरी "अगाई!" म्हणालं.

"आता बोला."

काटासाहेब तीन मिनिटं बोलले. अधिकाऱ्यांनी तीन मिनिटं ऐकलं आणि लेखनिकाकडे पाहिलं. लेखनिकाने वहीत पाहिलं. वहीत 'फ' होते.

तेवढ्यात दारातल्या गर्दीतून वाट काढत डॉक्टरीणबाई आल्या, मागोमाग बायको. बायकोनेच त्यांना गाठून आणलं होतं. "मला अर्धाच तास आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खुर्चीत एक पेशंट तोंड उघडून बसलाय." त्यांनी आपली वही टेबलावर उघडली.

अधिकाऱ्यांनी वाचलं. "'वरचं सेटिंग पूर्ण. खालचं बाकी.' हे खालचं म्हणजे कोण?"

"जबडा."

"आणि वरचं?"

"तोही जबडाच. सगळ्या माणसांना दोनच असतात हो." आणि त्यांनी पर्समधून एक डबी काढली. डबीत गुलाबी मेणावर मांडलेली वरच्या दातांची नवी कोरी ओळ होती. "हे ते सेटिंग. अजून कच्चं आहे. तोंड उघडा, काटासाहेब. चावू नका, दाबू नका, आणि याच्यावर चहा तर अजिबात नको, मेण विरघळेल."

त्यांनी ते दात तिथल्या तिथे, चौकशी अधिकाऱ्यांसमोर, बसवले. खालची हिरडी मोकळीच होती, पण जिभेला टेकायला वर काहीतरी मिळालं. सत्तावीस दिवसांनंतर काटासाहेब पहिल्यांदा बोलू शकणार होते. बायकोने मानेने खूण केली : सांगा आता, सगळं सांगा, खुर्ची, फोन, बिस्किटं, अपमान.

काटासाहेबांनी टेबलावरच्या काट्याकडे बोट केलं.

"हा काटा," ते म्हणाले, आणि प्रत्येक 'त', 'स' खणखणीत उमटला, "किलोमागे चाळीस ग्रॅम मारतो. सप्टेंबरपासून तीनदा तपासायला गेलो. तिन्ही वेळा दुरुस्तीला गेला होता असं सांगितलं. दुरुस्तीची एकही पावती नाही. तपासून घ्या."

एवढंच. स्वतःबद्दल एक शब्द नाही. बायकोने कपाळाला हात लावला, पण तिचा चेहरा दुसरंच काही सांगत होता.

काटा तपासला. चाळीस नाही, बेचाळीस ग्रॅम निघाले. काटासाहेबांनी दोन ग्रॅमच्या चुकीबद्दल माफी मागितली. व्यापारी पिवळा पडला आणि त्याने मागितलेला चहा त्याला कुणी दिला नाही. जाताना अधिकारी डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन काहीतरी विचारू लागले, मधूनच स्वतःची एक दाढ बोटाने हलवून दाखवत होते.

इथे सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण वेळेवर डॉक्टरीण दातांसकट हजर होते, हेही सेटिंगच, असं ऑफिसने ठरवलं, आणि अहवाल सरकारी भाषेत लिहिला गेला. 'चौकशीअंती सदर कर्मचाऱ्याचे वरचे सेटिंग असल्याचे व खालचे सेटिंग प्रगतिपथावर असल्याचे वैद्यकीय पुराव्यानिशी निष्पन्न झाले आहे.' दातांचा उल्लेख दुसऱ्या पानावर होता. मुख्यालयात दुसरं पान वाचायची पद्धत नव्हती. पुरस्कार समितीने पहिलं पान वाचलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि ज्या माणसाचं सेटिंग चौकशी अधिकारीसुद्धा लेखी मान्य करतो, त्याचा पुरस्कार अडवण्यात कुणाचंच भलं नाही, असं ठरून स्थगिती त्याच दिवशी उठली.

समारंभाच्या दिवशी काटासाहेब पूर्ण दातांनिशी सभागृहात आले. वर पक्की कवळी, खाली पक्की कवळी. पायऱ्यांवरच मोठ्या साहेबांनी त्यांना मिठी मारली आणि कानात म्हणाले, "पुरस्काराचंसुद्धा! धन्य आहे तुमची!"

"साहेब," काटासाहेब स्पष्ट, शुद्ध, दंत्य उच्चारांत म्हणाले, "माझं कुणाशी काहीही सेटिंग नाही. कधीही नव्हतं."

"अगदी बरोबर," साहेब म्हणाले. "कुणी विचारलं तर असंच सांगायचं."

मागून कारकून म्हणाला, "काय सफाई आहे बोलण्यात!"

काटासाहेबांचे खांदे पडले. चार रात्री घोकलेलं दोन शब्दांचं भाषण ते व्यासपीठावर चढता चढता विसरले. प्रमाणपत्र हातात आलं, टाळ्या पडल्या. टाळ्यांमध्ये बाजारातले दुकानदार होते, ऑफिस होतं, पहिल्या रांगेत बायको आणि मुलगी होत्या, आणि काकू आणि नकाशाकारही होते. एवढ्या लोकांत खरी गोष्ट किती जणांना ठाऊक आहे, हे ते बोटांवर मोजू लागले. एका हाताची बोटंही पुरून उरत होती. तोंडावर बारा वाजले होते. फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला, पुन्हा लावला, आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"एक मिनिट थांबा हं साहेब. सेटिंग राहिलंय."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, आणि बघता बघता सगळं सभागृह खदखदून हसू लागलं. मोठे साहेब हसले, कारकून खुर्चीवरून घसरला, बायकोने पदर तोंडात कोंबला. फोटोवाला बिचारा कॅमेऱ्याची कळ फिरवत इकडेतिकडे बघत होता. आणि काटासाहेबांनाही, आधी पोटातून, मग गळ्यातून, हसू फुटलं. ते असे हसले, की प्रमाणपत्र थरथरायला लागलं. नेमक्या तेव्हा कळ दाबली गेली.

फोटो घरी आला तेव्हा बायकोने तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"छान आलाय," ती म्हणाली. "बत्तीसच्या बत्तीस दिसताहेत."

काटासाहेबांनी चष्मा लावला, फोटो हातात घेतला आणि बोट ठेवत ठेवत एकेक मोजला.

"अठ्ठावीस," ते म्हणाले. "कवळीत अक्कलदाढा देत नाहीत."